देखणे चित्र आणि लेचीपेची गोष्ट



शाळांना सुट्टी लागली की घरोघरी पोरांचा एकच धोशा सुरू होतो, कार्टूनचा सिनेमा बघायचा! जाहिरात दिवसातून दहा वेळा डोळ्यांपुढे येते. त्यातले पाणी खऱ्या पाण्यासारखे चमकते, वाघाच्या अंगावरचा केस न् केस वाऱ्यावर हलतो. पोरे म्हणतात, "काय भारी चित्र आहे!" पण चार माणसांचे घर मॉलमधल्या थिएटरात न्यायचे, तर तिकिटे, रिक्षा आणि मधल्या वेळचे खाणे धरून एका दिवसाची मजुरी पुरत नाही. म्हणून आई-बापांचा प्रश्न अगदी रास्त आहे. नुसते चित्र भारी असले म्हणजे सिनेमा चांगला होतो का? गोष्ट लेचीपेची असली, तर चित्र तिला सावरून नेते का?

माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण ते देण्याआधी चित्र काढणाऱ्यांचे श्रम लक्षात घेतले पाहिजेत. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात, तेव्हा आपल्या डोळ्यांना हालचाल दिसते. दीड तासाच्या सिनेमाचा हिशेब केला तर १,२९,६०० चित्रे होतात. ती कागदावर हाताने काढा नाहीतर संगणकावर बनवा, प्रत्येक चित्रामागे कुणाची तरी पाठ आणि कुणाचे तरी डोळे झिजलेले असतात. तेव्हा मी चित्रांना नावे ठेवायला बसलेलो नाही. एवढे श्रम कोणत्या गोष्टीसाठी खर्ची पडले, हे मला विचारायचे आहे.

याचे ठळक उदाहरण २००१ सालचे आहे. 'फायनल फँटसी : द स्पिरिट्स विदिन' नावाचा सिनेमा त्या वर्षी जुलैत निघाला. स्क्वेअर ही व्हिडिओ गेम बनवणारी जपानी कंपनी. तिने त्यासाठी हवाई बेटांवर होनोलुलूला वेगळा स्टुडिओ उभारला. दिग्दर्शक होते हिरोनोबू साकागुची. त्यांचा पण असा, की संगणकावर काढलेली माणसे हुबेहूब जिवंत माणसांसारखी दिसली पाहिजेत. नायिकेच्या डोक्यावर सुमारे साठ हजार केस होते आणि ते सुटे सुटे हलतील अशी व्यवस्था केली होती. कातडीवरची बारीक छिद्रे, गालावरचे डागसुद्धा सुटले नाहीत. सिनेमात एकूण १,४१,९६४ चित्रे होती आणि एक चित्र पक्के तयार व्हायला संगणकाला सरासरी दीड तास लागत होता. म्हणजे एकच यंत्र असते तर रात्रंदिवस चालवूनही चोवीस वर्षे लागली असती! त्यांनी जवळपास हजार यंत्रे एका वेळी कामाला लावली.

आणि गोष्ट काय होती? २०६५ साल. परग्रहावरच्या भुतांनी पृथ्वी व्यापली आहे. त्यांना शमवायला आठ आत्मे गोळा करायचे आहेत, पृथ्वीलाही आत्मा आहे, एका सेनापतीला मात्र आकाशातली तोफ डागायची आहे. हे आठ आत्मे का, सहा का नाहीत? एक सापडला नाही तर कुणाच्या घरातले काय जाईल? प्रेक्षकाला त्याचा थांग लागत नाही. नायिकेचे केस मोजता येतात, पण तिच्या मनात काय सलते ते कळत नाही. सिनेमाला सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर खर्च आला आणि जगभरातून आले साडेआठ कोटींच्या आसपास. २००२ साली होनोलुलूचा तो स्टुडिओ बंद पडला. ज्या कारागिरांनी चार-चार वर्षे एकेका पापणीवर मान मोडून काम केले, त्यांच्या हातचे काम गेले. गोष्ट कच्ची राहिली ती वरच्यांकडून, आणि किंमत मोजली खालच्यांनी. हा प्रकार आपल्याला गिरणी-कारखान्यांतून अनोळखी नाही.

आता याच्या शेजारी १९९५ सालचा 'टॉय स्टोरी' ठेवून पाहा. संपूर्ण संगणकावर बनलेला तो पहिला मोठा सिनेमा. खर्च तीन कोटी डॉलर, म्हणजे वरच्या सिनेमाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी. त्यातली माणसे आज पाहिली तर ओबडधोबड वाटतात, कातडी प्लास्टिकची, केस थापल्यासारखे. बनवणाऱ्या पिक्सार कंपनीलाही आपल्या यंत्राची मर्यादा ठाऊक होती. म्हणूनच गोष्ट खेळण्यांची घेतली, प्लास्टिक प्लास्टिकसारखेच दिसले तर कुणाची तक्रार नाही!

पण खरी शहाणपणाची गोष्ट दोन वर्षे आधी घडली. नोव्हेंबर १९९३ मध्ये त्यांनी पैसे लावणाऱ्या डिस्नेच्या मंडळींना कच्चा सिनेमा दाखवला. त्यात वुडी नावाचा नायक, तो खेळण्यातला काऊबॉय, इतका खडूस आणि मत्सरी झाला होता की बघवेना. काम थांबवण्यात आले. चित्रे सुधारण्यासाठी नव्हे, गोष्ट सुधारण्यासाठी. काही महिने बसून ती पुन्हा लिहिली. वुडीचा मत्सर ठेवला, पण मत्सराखालची भीती वर आणली. मालकाच्या पोराला नवे खेळणे मिळाले, आता आपली जागा जाणार ही ती भीती. घरात धाकटे भावंड आले की थोरल्याच्या पोटात जे कालवते तेच हे, आणि नवे मशीन आले की जुन्या कामगाराच्या पोटात जे कालवते तेही हेच. जगभरच्या लोकांनी त्या थापलेल्या केसांकडे पाहिलेसुद्धा नाही. सिनेमाने पस्तीस कोटी डॉलरच्या वर कमावले.

गोष्ट आधी का पक्की करावी, याला व्यवहाराचेही कारण आहे. घर बांधणारा गवंडी हे चटकन ओळखेल. पाया चुकला तर खडूच्या रेघा पुसून पुन्हा आखता येतो, स्लॅब पडल्यावर नाही. कागदावरचा प्रसंग खोडायला खोडरबर पुरते. तोच प्रसंग रंगवून, उजेड-सावली घालून तयार झाला की टाकवत नाही, कारण त्यात महिन्यांचे श्रम अडकलेले असतात. मग चुकीचा प्रसंगही केवळ देखणा आहे म्हणून सिनेमात राहतो.

रिचर्ड विल्यम्स या जन्माने कॅनडाच्या आणि लंडनमध्ये काम केलेल्या चित्रकाराचे असेच झाले. हाताने हलते चित्र काढण्यात त्यांच्या तोडीची माणसे थोडी होती, दोन सिनेमांसाठी त्यांना ऑस्करही मिळाले. पण त्यांचा जीव अडकला होता 'द थीफ अँड द कॉब्लर' या आपल्याच सिनेमात. १९६४ च्या सुमारास त्यांनी तो हाती घेतला. नायक कोण, तर एक गरीब मोची. ओठांत चुका धरून बसणारा, त्यामुळे न बोलणारा. त्याच्यासोबत एक घाणेरडा, माश्या घोंघावणारा चोर, तोही मुका. सोन्याच्या नगरीचे रक्षण करणारे तीन सोन्याचे गोळे त्याला चोरायचे असतात. शेवटी शत्रूचे अजस्र लढाईयंत्र कोसळू लागते आणि हा चोर त्या चाकांमधून, दात्यांमधून, आगीमधून काही न घडल्यासारखा चालत जातो. तो प्रसंग पाहून आजही चित्रकार तोंडात बोट घालतात. पण अशा एकेका प्रसंगात वर्षे गेली, आणि ते एकमेकांना जोडणारी गोष्ट विरळच राहिली. मोच्याला काय हवे आहे, राजकन्या त्याच्यावर का भाळते, हे उरकून टाकल्यासारखे येते. मुदत उलटली, आणि १९९२ मध्ये सिनेमा त्यांच्या हातून काढून घेण्यात आला. दुसऱ्यांनी त्यात गाणी कोंबली, मुक्या माणसांना बोलायला लावले आणि कसाबसा बाजारात आणला. तो चालला नाही. मला या माणसाबद्दल फार वाईट वाटते. पैसेवाल्यांनी केले ते निर्दयच होते. पण गोष्ट आधी घट्ट बांधलेली असती, तर ती इतक्या सहज उसवता आली नसती, हेही खरे.

यावर कुणी म्हणेल, "मग २००९ चा 'अवतार' कसा चालला? त्याच्या गोष्टीत काय होते? लोक चित्र बघायलाच गेले ना?" प्रश्न बिनतोड आहे. त्यात नटांच्या हालचाली टिपून संगणकाने निळी माणसे उभी केली, आणि तो सिनेमा कमाईत जगात सर्वांच्या पुढे गेला. गोष्ट जुनीच, पुढे काय होणार हे आधीच कळते. पण जंगलात राहणाऱ्यांच्या जमिनीखाली खनिज सापडते आणि ते उकरायला बाहेरची कंपनी यंत्रे घेऊन येते, ही गोष्ट जुनी असली तरी लेचीपेची म्हणता येईल का? धरणात, खाणीत ज्यांची गावे गेली त्यांना विचारा. साधी गोष्ट वेगळी आणि कमकुवत गोष्ट वेगळी, ही गल्लत अनेक जण करतात. साध्या गोष्टीत एखाद्याचे काहीतरी खरोखर जाणार असते आणि ते आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत समजते. कमकुवत गोष्टीत गुंता पुष्कळ असतो, पण कुणाचे काहीच जात नाही. साध्या गोष्टीला देखणे चित्र पंख देते, कमकुवत गोष्टीवर ते नुसते ओझे होऊन बसते.

आपल्याकडे हे पूर्वीच दाखवून झाले आहे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली हलत्या चित्रांचा विभाग सुरू झाला. तिथल्या चित्रकारांना शिकवायला क्लेअर वीक्स हे डिस्नेचे चित्रकार आले. हरणाच्या पाडसावरच्या 'बॅम्बी' सिनेमावर त्यांनी काम केलेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मंडळींनी १९५७ मध्ये 'द बनियन डियर' हा छोटा चित्रपट केला. वडाचे हरीण! निग्रोधमृग जातकाची ती गोष्ट. वाराणसीच्या राजाला रोज हरणाचे मांस लागते. म्हणून दोन कळपांनी ठरवलेले असते, आज यांच्यातले एक, उद्या त्यांच्यातले एक. एके दिवशी शाख हरणाच्या कळपातल्या गाभण हरिणीची पाळी येते. ती म्हणते, पिल्लू होईपर्यंत थांबा. तिचा राजा ऐकत नाही. मग ती दुसऱ्या कळपाच्या राजाकडे, निग्रोधाकडे जाते, आणि तो काही न बोलता स्वतः जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतो. हे सांगायला साठ हजार केस लागत नाहीत. आपल्या आज्या-पणज्यांनी कंदिलाच्या उजेडात हेच सांगून पोरांच्या डोळ्यांतून पाणी काढले आहे.

हे सगळे मी सिनेमापुरते लिहीत नाही. गेल्या काही वर्षांत चांगले चित्र काढणाऱ्या मुलामुलींना ॲनिमेशनच्या क्लासला घालण्याची ओढ आपल्या वस्त्यांतही वाढली आहे. काही ठिकाणी फी इतकी असते की पतपेढीचे कर्ज काढावे लागते. शिकवू नका असे मी म्हणणार नाही, मुलाच्या हातात कला असेल तर जरूर शिकवा. पण पैसे भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. इथे कागदावर पेन्सिलीने माणूस, बैल, झाड काढायला शिकवतात का? आणि गोष्ट बांधायला शिकवतात का, की नुसते एखादे सॉफ्टवेअर दाखवून सर्टिफिकेट देतात? सॉफ्टवेअर चार वर्षांत जुने होते. आता तर दोन ओळी टाइप केल्या की यंत्र स्वतःच डोळे दिपवणारे चित्र काढून देते. दिपवणे स्वस्त झाले आहे. ज्या पोराला फक्त दिपवता येते त्याचे काम उद्या यंत्र करील. गाभण हरिणीची पाळी कुठल्या क्षणी आणायची, हे ज्याला कळते त्याच्याकडे लोक पुन्हा येतील.

आणि सुट्टीत पोरांना दाखवायला काय, असे कुणी विचारील तर विजया मुळे यांची 'एक, अनेक और एकता' दाखवा. १९७४ ची, फिल्म्स डिव्हिजनचीच, अवघी सात मिनिटांची. चित्रे भीमसेन यांची. ज्यांच्या घरी दूरदर्शन होते त्यांनी ती लहानपणी पाहिली असेल, आता मोबाइलवरही मिळते. रेघा अगदी मोजक्या. पक्षी जाळ्यात सापडतात, सगळे मिळून जाळे घेऊन उडतात आणि उंदीर ते कुरतडून देतात. सम्मोदमान जातकात ही गोष्ट लाव्या पक्ष्यांची आहे आणि ती तिथे संपत नाही. पुढे त्या लाव्यांमध्ये भांडण लागते, "जाळे तू उचल, मी का उचलू" असे सुरू होते आणि पारधी पुन्हा येतो. तो भाग सिनेमात नाही. तो पोरांना आजीकडून ऐकावा लागेल.