‘सर, आपल्याकडं कारखाने का न्हाईत?’

उद्योगांचा पाठ आला की वर्गात हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकात घटक दिलेले असतात : कच्चा माल, पाणी, वीज, मजूर, वाहतूक, बाजारपेठ. मुलं ते पाठ करतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात, “रेल्वे न्हाई म्हणून.” आपण मान डोलावतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. शिक्षक मित्रांनो, मला वाटतं आपण इथंच चुकतो.

गडहिंग्लजला रेल्वे नाही, हे खरंच. कोल्हापूरला गाडी १८९१ साली आली आणि तिथंच थांबली. समुद्र पश्चिमेला, पण मध्ये आंबोलीचा घाट. आपली हिरण्यकेशीसुद्धा आंबोलीला उगम पावून समुद्राकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला वाहत घटप्रभेला, पुढे कृष्णेला मिळते. (हे फळ्यावर काढून दाखवा, मुलांना फार नवल वाटतं.)

पण मग इचलकरंजी? गावात स्टेशन नाही, हातकणंगल्याला जावं लागतं. तरी १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथं यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी पाठबळ दिलं आणि वस्त्रनगरी उभी राहिली. कोल्हापूरच्या फौंड्र्यांना लागणारा कोळसाही बाहेरूनच येतो. शेतकऱ्यांचे चरक आणि पाण्याची इंजिनं दुरुस्त करता करता मिस्त्री लोक तयार झाले, त्यातून तो धंदा वाढला. ‘मजूर’ या एका शब्दात हे कसं मावणार?

भूगोल जिथं खरंच निर्णय घेतो, ते उदाहरण तर आपल्या तालुक्यातच आहे. हरळीचा साखर कारखाना. एक टन उसातून साधारण ११० ते १२० किलो साखर निघते. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा घटतो. म्हणून कारखाना उसाजवळच हवा. इतकं गणित नववीचं पोरगं करतं.

मिरचीचं मात्र उलटं आहे. वाळलेली संकेश्वरी हलकी, टिकाऊ. गडहिंग्लजच्या बाजारात सौदा झाला की पोत्यातून कुठंही जाते. कांडप, पॅकिंग आणि छापाचं नाव दुसऱ्या गावाचं असलं तरी चालतं. इथं रेल्वेचा दोष किती आणि आपला किती?

पालकहो, “शिकलास की इथं राहू नको” हे आपण घरी सहज बोलतो. पोटासाठी पुण्याला, शिरोलीला जावं लागतं, ते मला मान्य आहे. पण ‘इथं काही होऊच शकत नाही’ हे नकाशा सांगत नाही, आपण सांगतो.

यंदा मी प्रश्नोत्तरं लिहायला दिली नाहीत. घरातल्या तिखटाचं पाकीट बघून या म्हटलं, मिरची कुठली आणि दळली कुठं ते लिहा. निम्म्या पोरांनी लिहून आणलं, “पाकीट न्हाई सर, आमची आजी डंकावर कुटून आणती.”