एका निवेदकाचे शंभर उच्चार

बोलींच्या अभ्यासात टक्केवारीला निर्णायक पुराव्याचे स्थान देण्याची प्रवृत्ती दिसते. ‘ण’च्या जागी ‘न’ उच्चारला गेला की नाही, एवढ्या दोनच पर्यायांत उत्तर बसत असल्याने मोजणी सोपी वाटते. परंतु दहा निवेदकांचे प्रत्येकी शंभर उच्चार म्हणजे एक हजार स्वतंत्र साक्षी नव्हेत. त्या दहाच व्यक्तींच्या साक्षी होत. हा भेद विसरून एखाद्या जातीच्या वा गावाच्या बोलीविषयी विधान केले, तर जुनाच शुद्धाशुद्धविवेक आकड्यांच्या वेषात परत येतो.

विल्यम लबॉव्ह यांनी 1962 मध्ये न्यूयॉर्कमधील तीन दुकानांतील 264 कर्मचाऱ्यांच्या तोंडून ‘चौथा मजला’ या अर्थाचे इंग्रजी शब्द वदवून घेतले. त्यांतील ‘र’ पूर्णतः वा अंशतः उच्चारणारे उंची दुकानात 62, मध्यम दुकानात 51 आणि स्वस्त दुकानात 20 टक्के आढळले. प्रत्येकाकडून फार तर चारच उच्चार घेतल्याने येथे साक्षीदार पुष्कळ होते. पुढे 1974 मध्ये सेडरग्रेन व सॅन्कॉफ यांनी संभाव्यतेवर आधारलेली नियममांडणी केली; तीत मात्र प्रत्येक उच्चार स्वतंत्र गृहीत धरला जाई.

बहुस्तरीय प्रतिमान उच्चार हा पहिला आणि व्यक्ती हा दुसरा स्तर मानते. शब्दाचाही वेगळा विचार करता येतो. एकस्तरीय प्रतिमानात वय, शिक्षण, जात या घटकांविषयीची अनिश्चितता वाजवीपेक्षा कमी दिसते, आणि योगायोगालाही सिद्धान्ताचा मान मिळतो. मात्र दोन्ही प्रतिमानांतील गुणक शेजारी ठेवून तुलना करणे योग्य नव्हे. बहुस्तरीय लॉजिस्टिक प्रतिमानातील गुणक व्यक्तिसापेक्ष असल्याने तो सामान्यतः मोठाच दिसतो. शिवाय रॉद्रिगेझ व गोल्डमन यांनी 1995 मध्ये दाखविले, की द्विपर्यायी माहितीसाठी तेव्हा रूढ असलेल्या स्थूल गणनपद्धती स्तरांतील तफावत पुष्कळ कमी दाखवू शकतात. म्हणून प्रतिमानाबरोबर गणनपद्धतीही नमूद व्हावयास हवी.

साहित्याच्या विभागाला संख्याशास्त्राचे काय प्रयोजन, असा आक्षेप येईल. परंतु ज्याने प्रबंधात टक्केवारी छापली, तो संख्याशास्त्रात शिरलाच. मार्गदर्शकांनी निदान निवेदकांची संख्या आणि प्रत्येकाची स्वतंत्र टक्केवारी मागावी. बोली समाजाची असली, तरी बोलतो तो माणूस. त्याला एकूण बेरजेत हरवू देणे भाषाभ्यासाला परवडणारे नाही.