पाया आधी, वाळू नंतर
धाकट्याने खाऱ्या पाण्याच्या फिश टँकमध्ये आधी वाळू पसरली, वर दगड रचले. माशाने रात्रीत वाळू उकरली आणि वरचा दगड कलंडला. अल्हम्दुलिल्लाह, काच वाचली!

आता रचना आधी कागदावर काढली. तळाशी प्लास्टिकची जाळी, तिच्यावर मोठे दगड, मग वाळू. काच पुसायला हात जाईल एवढे अंतर. पाणी खेळावे म्हणून मध्ये पोकळ्या. दगडांच्या छिद्रांतले जिवाणूच माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया संपवतात.

"अब्बू, मालवणच्या समुद्रातले प्रवाळ आणू या?"

नाही बेटा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण आहे. ते तोडणे गुन्हा आहेच, शिवाय अल्लाहच्या अमानतीत खयानतही आहे. आपल्याला दुकानातले कोरडे, सच्छिद्र दगड पुरेत.

घराचेही असेच आहे, भगिनींनो. आधी पाया, मग सजावट.