आधी नुक्स शोधा, मग पार्ट बदला

कापडाच्या धंद्यात माझी तीस वर्षे गेली. या काळात मालेगावच्या कारखान्यांत एक गोष्ट मी रोज पाहत आलो आहे. साचा बंद पडला की जॉबर आधी त्याच्यासमोर शांतपणे उभा राहतो. ताणा तुटला आहे का, कांडी संपली आहे का, धोटा अडकला आहे का, पट्टा घसरला आहे का, हे तो एकेक करून पाहतो. पहिल्याच मिनिटाला "मोटर बदला" असे तो कधी सांगत नाही. सांगेल तर मालक त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेणार नाही. पण हाच कारखानदार संध्याकाळी आपली गाडी घेऊन गॅरेजवर जातो, मिस्त्री दरवाजाला हात न लावताच म्हणतो, "सेठ, लॉक गेले, नवीन टाकावे लागेल," आणि सेठ मान डोलावतो. साच्याच्या बाबतीत जी अक्कल आपण वापरतो ती गाडीच्या बाबतीत कोठे जाते, हा माझा आजचा प्रश्न आहे.

दरवाजाचे लॉक ही किरकोळ बाब आहे, त्यावर लेख कशाला, असे काही वाचक म्हणतील. मीही असेच म्हणत होतो. २०२२ च्या पावसाळ्यात माझ्या गाडीचा मागचा डावा दरवाजा बटणाने उघडेनासा झाला. मिस्त्रीने सेंट्रल लॉकची मोटर बदलली. आठ दिवस ठीक चालले, पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवर गेलो, तेथेही मोटरच बदलली. पुन्हा पंधरा दिवसांत तेच. दोन्ही वेळचे मिळून सव्वाचार हजार रुपये गेले. मग मी कंटाळलो. तो दरवाजा आतला खटका दाबून कायमचा बंद ठेवला आणि विषय सोडून दिला.

२०२३ च्या मे महिन्यात दुपारी दुकानातून घरी आलो. गाडी अंगणात उभी केली, चावी गाडीतच राहिली आणि नमुन्यांचे ताके घेऊन मी आत गेलो. माझी चार वर्षांची नात मागोमाग गाडीत चढली, तिने दरवाजा ओढून घेतला आणि खेळता खेळता ड्रायव्हरच्या बाजूचा खटका दाबला. चारही दरवाजे बंद. आम्ही बाहेरून हातवारे करतो, ती रडते आहे. मालेगावचे मे महिन्याचे ऊन कसे असते हे येथील वाचकांना सांगायला नको. घरातून दुसरी चावी आणली, तर तिच्या रिमोटचा सेल कधीच संपलेला. चावी दरवाजाला लावली, तर ती फिरेना, कारण रिमोट आल्यापासून चावीने दरवाजा कोणी उघडलाच नव्हता. शेवटी मुलाने मागची काच फोडली आणि मुलीला बाहेर काढले. अल्लाहचा शुक्र की तिला काही झाले नाही. दहा-बारा मिनिटांचा प्रसंग, पण त्या दिवसापासून मी लॉकला किरकोळ म्हणत नाही.

त्यानंतर आग्रा रोडवरच्या एका वयस्कर उस्तादाकडे गाडी नेली. त्याने पान्यालाही हात लावला नाही. मला रिमोट दाबत राहायला सांगितले आणि स्वतः तो डावा दरवाजा हळूहळू उघडू-मिटू लागला. एका ठराविक कोनात दरवाजा आला की "टक" असा आवाज येई, इतर वेळी नाही. उस्ताद म्हणाला, "चाचा, मोटर ठीक आहे, तार तुटली आहे." दरवाजा आणि खांब यांच्यामध्ये जी रबरी नळी असते, तिच्यातून तारा जातात. दरवाजा हजारो वेळा उघडतो-मिटतो आणि तार त्याच जागी वाकून वाकून आतून तुटते. वरचे प्लास्टिक मात्र साबूत दिसते. मोटर बदलताना तारा हलल्या, तात्पुरत्या जुळल्या, म्हणून आठ दिवस काम झाले. तार जोडली, काम संपले. दोन नव्या मोटरी विकत घेतल्या आणि नुक्स होता वीतभर तारेत!

लॉकचे काम कसे चालते

दरवाजाच्या आत फार मोठे रहस्य नाही. चौकटीवर एक लोखंडी आकडा असतो, त्याला स्ट्रायकर म्हणतात. दरवाजातील लॅच त्या आकड्याला पकडतो. बाहेरची आणि आतली मूठ एका सळईने किंवा केबलने लॅचला जोडलेली असते. मूठ ओढली की लॅच आकडा सोडतो. लॉक केले म्हणजे मुठीचा आणि लॅचचा संबंध तुटतो. हे काम चावीने, आतल्या खटक्याने किंवा छोट्या विजेच्या मोटरने होते. त्या मोटरला वीज एका दिशेने गेली की लॉक होते, उलट दिशेने गेली की उघडते. एवढे समजले की मिस्त्रीशी बोलताना आपण आंधळे राहत नाही.

गॅरेजवर जाण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: एक दरवाजा बिघडला आहे की सगळे? सगळे एकदम बंद पडले तर चारही मोटरी एका रात्रीत जळत नाहीत. फ्यूज, गाडीची बॅटरी, मुख्य बटण किंवा रिमोट यांपैकी काहीतरी आहे. बाहेरून बसवलेल्या सेंट्रल लॉकमध्ये ड्रायव्हरच्या दरवाजाची मोटर पाच तारांची असते, बाकीच्या दोन तारांच्या. ड्रायव्हरची मोटर इतरांना हुकूम देते. तिच्यातला स्विच खराब झाला तर बाकी दरवाजे निरोगी असूनही ऐकत नाहीत.

दुसरा प्रश्न: रिमोटने होत नाही, पण बटणाने किंवा चावीने होते का? होत असेल तर आधी रिमोटचा सेल बदला. नाण्याएवढा हा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. सेलसाठी लॉकच्या पार्टचे पैसे मोजलेले लोक मी पाहिले आहेत.

तिसरा प्रश्न: आवाज येतो का? एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने दरवाजाला कान लावावा. आवाज अजिबात नाही, तर बहुधा वीज पोहोचत नाही. तार आणि फ्यूज पाहा. वीज पोहोचूनही आवाज नसेल तेव्हाच मोटरवर संशय घ्या, आणि हे टेस्ट लॅम्पने दोन मिनिटांत कळते. घरघर येते पण खटका हलत नाही, तर मोटरच्या आतली प्लास्टिकची चाके झिजली आहेत किंवा सळईची क्लिप निसटली आहे. क्षीण आवाज येतो आणि खटका अर्ध्यात थांबतो, तर बॅटरी कमजोर आहे किंवा लॅच घट्ट झाला आहे.

आतून की बाहेरून?

मागचा दरवाजा बाहेरून उघडतो, आतून उघडत नाही, तर घाबरू नका. दरवाजाच्या कडेला, लॅचजवळ, मुलांसाठीची एक छोटी कळ असते. मुले किंवा गाडी धुणारा पोऱ्या ती हलवतो. ती सरळ करा, काम झाले. कळ सरळ असूनही उघडत नसेल तर आतल्या मुठीची केबल पाहावी. उलट आतून उघडतो आणि बाहेरून नाही, तर बाहेरच्या मुठीची सळई किंवा प्लास्टिकची क्लिप पाहावी.

दरवाजा लावला की आदळून परत येतो, याचा अर्थ दरवाजा उघडा असतानाच लॅच मिटला आहे. अशा वेळी जोराने आपटू नका. मूठ ओढून धरा आणि पेचकसाने लॅच हलकेच मागे फिरवा. तो फिरत नसेल तर आतले ग्रीस धुळीने वाळून घट्ट झाले आहे. आमच्या गावात तर धुळीबरोबर कारखान्यांची रुईही उडते, ती ग्रीसमध्ये बसली की लगदा होतो. दरवाजा खूप आपटल्याशिवाय लागत नसेल तर बिजागरी खाली आली आहे किंवा आकडा सरकला आहे. मालाच्या व्हॅनला हे नेहमी होते. आकडा सैल करण्यापूर्वी त्याच्याभोवती पेन्सिलने खूण करून ठेवावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही.

तेलाची घाई

आपल्याकडे काही अडकले की त्यात तेल ओततात. चावीच्या भोकात घातलेले घट्ट तेल धूळ धरते. आतल्या पातळ पितळी पत्र्या चिकटून बसतात आणि चावी फिरत नाही. तेथे ग्रॅफाइटची कोरडी पूड चांगली. लॅच मात्र आधी फवाऱ्याने साफ करून त्याला पांढरे ग्रीस लावावे. नुसता फवारा मारून सोडला तर महिनाभराने पुन्हा तेच. चावी फिरत नसेल तर जोर लावू नका, आधी दुसरी चावी लावून पाहा. दुसरी फिरली तर लॉक ठीक आहे, पहिली चावी झिजली आहे. दरवाजाच्या खालच्या कडेला पाणी जाण्याची भोके असतात, ती पावसाळ्याआधी काडीने मोकळी करा. ती बुजली की पाणी दरवाजात साचते आणि मोटर व तारा गंजतात.

मजुरी कशाची देतो?

आता मूळ मुद्दा. मिस्त्री पार्ट का बदलतो? सगळेच मिस्त्री बेइमान आहेत असे मी म्हणणार नाही. त्या उस्तादाने अर्धा तास डोके चालवले, तार जोडली आणि ३०० रुपये मागितले, तर माझा मुलगा म्हणाला, "अब्बा, एका तारेचे ३०० रुपये?" हाच मुलगा दोन मोटरींचे सव्वाचार हजार न बोलता देऊन आला होता. दोष येथे आहे. हातात नवा डबा दिसला की आपण पैसे देतो, डोक्याचे पैसे द्यायला आपल्याला जड जाते. मग मिस्त्रीने डबा का विकू नये? आपणच त्याला ते शिकवले आहे. हकीम नाडी पाहतो त्याचे आपण देतो, फक्त पुडीचे नाही. जो मिस्त्री नुक्स शोधतो त्याला शोधण्याची मजुरी खुशीने द्या, म्हणजे त्याचा शागीर्दही शोधायला शिकेल.

मिस्त्री बंधूंनाही एक विनंती आहे. पार्ट बदलावाच लागला तर जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्या, तो कोठे खराब झाला हे दाखवा आणि पावती द्या. कापडाचा व्यापारी दोष असलेला ताका वेगळा ठेवून दोष दाखवतो, म्हणून गिऱ्हाईक परत येते. हा नियम गॅरेजलाही लागू आहे.

सरकारनेही या बाबीला महत्त्व दिले आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींसाठी जे सुरक्षेचे नियम आले, त्यांत विजेचे सेंट्रल लॉक बंद पडले तरी दरवाजा हाताने उघडता यावा अशी सोय सक्तीची केली. अपघातात किंवा आग लागल्यावर वीज जाते तेव्हा ही सोय जीव वाचवते. पण कायद्याने दिलेली सोय वाळलेल्या ग्रीसने बंद पडली तर कायदा काय करणार?

म्हणून प्रत्येक गाडीवाल्याने महिन्यातून एकदा पाच मिनिटे काढावीत. चारही दरवाजे आतून आणि बाहेरून उघडून पाहावेत. ड्रायव्हरचा दरवाजा रिमोटने नव्हे तर चावीने उघडावा. दुसऱ्या चावीचा सेल तपासावा. चावी गाडीत ठेवून उतरू नये, आणि उभ्या गाडीत मुलाला एक मिनिटही एकटे सोडू नये. उन्हात बंद गाडी अर्ध्या तासाच्या आतच भट्टी होते आणि लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. वेळ आलीच तर पुढची मोठी काच फोडत बसू नये, ती थर चिकटवून केलेली असते आणि सहज फुटत नाही. मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यावर मारून फोडावी.

त्या दोन काढलेल्या मोटरी अजून माझ्या दुकानाच्या खणात पडून आहेत. उस्तादाने बॅटरीला लावून दाखवल्या, दोन्ही चालू होत्या. कोणी गिऱ्हाईक मला घाईने "हा माल बदलून द्या" म्हणाले की मी खण उघडून त्या पाहतो आणि म्हणतो, "थांबा, आधी ताका उलगडू या. दोष कोठे आहे ते पाहू."