धाप लागते त्यास कोणी विचारले?

श्वास सुरळीत चालू असतो तोवर त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. तो अडू लागला म्हणजे मात्र अंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतणे हेसुद्धा कष्टाचे काम होऊन बसते. पाणीगेट हा जुन्या बडोदे शहराच्या तटाचा पूर्वेकडील दरवाजा. त्याच्या आतबाहेरच्या दाट वस्तीत आजाऱ्यांच्या भेटीस जाताना अशी माणसे आम्हांस नेहमी आढळतात. खाटेच्या कडेवर दोन्ही हात टेकून ती बसलेली असतात आणि बोलावयाचे ते त्यांच्या वतीने घरची बाई बोलते. पहाटे खोकला केव्हा सुरू होतो, कोणत्या महिन्यात दम वाढतो, पंपाचे औषध महिनाभर पुरावे म्हणून दोन वेळांऐवजी एकदाच कसे ओढले जाते, हे सारे तिला ठाऊक असते. दवाखान्यात मात्र डॉक्टरांनी विचारताच आजारी मनुष्य ‘बरे आहे’ म्हणून मोकळा होतो, आणि सर्व जाणणारी ती बाई दाराबाहेर पिशवी सांभाळीत उभी असते.

दमा, फुप्फुसांच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा विकार, धुळीने जडणारा सिलिकोसिस ह्या जुनाट रोगांवर जगात पुष्कळ संशोधन चालते. त्यात रुग्णाला स्थान नाही असे नव्हे. थुंकी द्यावी, छातीचे चित्र काढू द्यावे, नळीत फुंकर मारावी, एवढे स्थान त्याला पूर्वीपासून आहे. आम्ही म्हणतो ते निराळे. काय शोधावयाचे हेच जेथे ठरते, त्या बैठकीत रुग्णास आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्यास बसावयास जागा आहे काय?

‘अडाण्यांस शास्त्र काय कळणार?’ असा आक्षेप ह्यावर ठरलेलाच आहे. शास्त्र कळत नसेल, परंतु दुखणे कळते. आणि दुखणे न विचारता शास्त्र कसे फसते ह्याचे उदाहरण आपल्या चुलीपाशीच आहे. विडीला कधी स्पर्शही न केलेल्या स्त्रियांस लाकूड व गोवऱ्या ह्यांच्या धुराने फुप्फुसांचा विकार जडतो. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी ह्यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात पीटर बार्न्स ह्यांच्यासह लेख लिहून ह्या बाबीकडे जगाचे लक्ष वेधले. उपाय म्हणून सुधारलेल्या चुली वाटण्यात आल्या. ओडिशात अशा चुली दिलेल्या घरांची संशोधकांनी चार वर्षे पाहणी केली. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पुढे काहीच फरक उरला नाही. चूल नियमाने वापरली जात नव्हती व तिची डागडुजीही होत नव्हती. ती चूल रांधणाऱ्या बाईच्या हाताला, भांड्याला, भाकरीला मानवते काय, हे आधी तिलाच विचारावयास नको होते काय?

इंग्लंडात २००४ साली जेम्स लिंड अलायन्स नावाची संस्था निघाली. रुग्ण, शुश्रूषा करणारे आणि डॉक्टर ह्यांस एका मेजाभोवती बसवून संशोधनाचे प्रश्न ठरवावेत, हे तिचे काम. तिने पहिला विषय घेतला तो दम्याचा. त्या यादीच्या अग्रभागी कोणता प्रश्न आला असेल? वर्षानुवर्षे औषध ओढीत राहिल्याने शरीरावर काय अनिष्ट परिणाम होतात, हा! नवीन औषध काढणाऱ्यास हा प्रश्न क्वचितच सुचतो. पंप हाती धरणाऱ्यास तो रोज सुचतो.

परंतु दूरच्या देशाकडे कशाला पाहावे? आमच्या पाणीगेटपासून गोध्रा दोनएक तासांच्या वाटेवर आहे. तेथील कारखान्यांत गारगोटीचा दगड दळून त्याची पिठासारखी भुकटी करीत. दळणारे बहुतेक मध्य प्रदेशातील झाबुआ व अलिराजपूरकडचे आदिवासी, दुष्काळात पोटासाठी आलेले. ती भुकटी श्वासाबरोबर आत गेली की फुप्फुसांवर वण पडतात आणि ती दगडासारखी कठीण होऊ लागतात. ह्यास सिलिकोसिस म्हणतात. गेलेले फुप्फुस परत मिळवून देणारे औषध आजही नाही. त्यातच क्षयाची लागण लवकर होते, आणि पुष्कळदा डॉक्टरही क्षय समजूनच औषध देत राहतात. तरुण मुले-मुली गावी परतली ती खोकतच, आणि काही वर्षांत मरू लागली. त्यांच्यापाशी नेमणुकीचा कागद नव्हता. अमुक मनुष्य अमुक गिरणीत राबला, ह्याला पुरावा कोणता?

पुरावा होता तो घरातल्या माणसांच्या तोंडी. इंदूरचे शिल्पी केंद्र, इतर कार्यकर्ते आणि पीडितांनीच उभारलेला सिलिकोसिस पीडित संघ ह्यांनी गावोगाव फिरून नोंदी केल्या. कोण कोणाबरोबर गेला, किती दिवस दळले, घरी केव्हा परतला, केव्हा वारला. शेजारच्या जोत्यावर काम केलेल्या सोबत्याने साक्ष दिली, विधवेने तारीख सांगितली. प्रकरण २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली शिफारस केली की गुजरात सरकारने २३८ मृतांच्या वारसांस प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत आणि मध्य प्रदेश सरकारने हयात असलेल्या ३०४ रुग्णांचे पुनर्वसन करावे. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातने ती रक्कम द्यावी असा आदेश केला. एकूण ७ कोटी १४ लाख. त्यापूर्वीच सहा वर्षे लोटली होती, आणि खोकणारा मनुष्य सहा वर्षे वाट पाहू शकत नाही! ह्या गणतीला कोणी संशोधन म्हणणार नसेल तर न म्हणो. आमच्या मते ते पहिल्या प्रतीचे संशोधन होय, आणि ते रोग्यांनी व त्यांच्या माणसांनी केले.

खंभातच्या अकीकाची गोष्टही जवळपास तशीच. तेथे दगड घासण्याचे काम घराघरांतून चाले, त्यामुळे धूळ घासणाऱ्यापुरती न राहता चूल फुंकणाऱ्या बाईच्या व पाळण्यातल्या पोराच्याही छातीत जाई. आज जी शुश्रूषा करते तीच उद्याची रुग्ण! बडोद्याच्या पीपल्स ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटरने ह्या कारागिरांत अनेक वर्षे काम केले आहे.

आता थोडे आपल्या घरांविषयी. पुण्याजवळ वडू येथे के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने २००२ सालापासून २२ गावांतील घरांची नोंद ठेवण्यास प्रारंभ केला; एडिंबरा विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०१७ साली सुरू झालेल्या श्वसनरोगांच्या ‘रिस्पायर’ ह्या संशोधनकार्यात हे केंद्रही सामील झाले. असे कोणी आपल्या दाराशी वही घेऊन आले, तर त्यांस पिटाळून लावू नये, आणि नुसता अंगठा उमटवून वाटेसही लावू नये. आपल्या भाषेत वाचून दाखवा म्हणावे. काय शोधता, आमच्या खर्चाचे काय, ‘नाही’ म्हटले तर उपचार बंद होतील काय (ते होता कामा नयेत), हे विचारावे. आणि मिळालेले उत्तर सांगावयास परत याल काय, हे तर अवश्य विचारावे; ह्या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ विद्वान गडबडतात.

उत्तरे द्यावयास सुनेस अथवा पत्नीस पुढे बसवावे. एखादी जुनी वही घेऊन धाप केव्हा लागली, किती उशा लागल्या, त्या दिवशी चूल, पीठगिरणी, रंगकाम, फटाके असे काय जवळपास होते, एवढे तिने रोज दोन ओळींत लिहावे. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या मुलाकडून लिहवून घ्यावे. ज्यांनी कधीकाळी दगडाच्या खाणीत, काचेच्या अथवा ओतकामाच्या कारखान्यात काम केले असेल, त्यांनी त्या जागेचे नाव, वर्षे आणि सोबत्यांची नावे पहिल्या पानावर उतरून ठेवावीत. छातीच्या चित्रांच्या जुन्या फिल्म ट्रंकेच्या तळाशी ओल लागून चिकटतात. त्या मध्ये कागद घालून, तारीखवार, कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात.