शाळा अंगणात गेली तेव्हा

मुलाचे घर आणि त्याची शाळा यांना तोडून शिक्षणाचा विचार करता येत नाही, असे सांगणाऱ्या पर्यायी पद्धतींविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. घरात दूरचित्रवाणी नको, प्लास्टिकची खेळणी नकोत, जेवणाझोपेच्या वेळा ठरलेल्या हव्यात, मुलाचे हात मातीत, लाकडात, सुतात रमावेत. हा उपदेश आम्ही आस्थेने वाचतो. मात्र पनवेल-उरण मागे टाकून करंज्याच्या कोळीवाड्यात पोचलो, की हे सारे नेमके कोणत्या घराला उद्देशून आहे, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

येथल्या मुलाला कामाची ओळख मुद्दाम करून द्यावी लागत नाही. जाळी सांधणे, मासळी निवडणे, बोंबील वाळत घालणे हे त्याच्या डोळ्यांसमोरच चालते. जून-जुलैत मासेमारी बंद असते, यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात. बाप घरी असतो, जाळ्यांची डागडुजी निघते. मुलाने त्याच्याजवळ बसून शिकावे असा हा काळ, आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडते ती नेमकी तेव्हाच. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या, की बाप दिवसचे दिवस समुद्रावर. शाळेचे वर्ष ठरवताना समुद्राला कोणी विचारले नव्हते, हे उघड आहे. घर बदला, असे या कुटुंबाला सांगण्यापेक्षा शाळा बदलता येईल का, हे पाहणे अधिक प्रामाणिक नव्हे काय?

हा प्रश्न मराठीत नवा नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम आरंभले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. 'अंगणवाडी' या शब्दामागे हा अनुभव आहे. 1975 पासून तो शब्द सरकारी योजनेचा झाला आणि त्याचा अर्थ बराचसा पुसला गेला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात गेली. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली. माँटेसरीच्या महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले, बिया आणि पाने यांनी घेतली. घर आणि शाळा यांची सांगड म्हणतात ती ही. तिच्यासाठी आईबापांना एकही सूचना द्यावी लागली नाही.

या कामाविषयी आमच्या मनात एक खटकही आहे. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, 'शुद्ध' बोलायला लावणे यांत पांढरपेशा घराची नजर डोकावते, आणि वारली बोलीला त्या नजरेत कितपत मान होता, हे कोणीतरी नेटाने तपासायला हवे.

विसरले जाते ते वेगळेच. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह 1907 साली रोमच्या सान लोरेन्झो या कामगार वस्तीतल्या चाळीत निघाले. स्टायनरची पहिली शाळा 1919 साली श्टुटगार्टला सिगारेट कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी सुरू झाली. कष्टकऱ्यांच्या दाराशी जन्मलेले हे विचार आपल्या शहरांत आज बहुधा भारी शुल्काच्या शाळांत भेटतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही 'समग्र' हा शब्द उचलला आहे. त्याचे काय होते ते दिसेलच.

आम्हा साहित्याच्या मंडळींचाही यात वाटा आहे. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' आम्ही वाचतो ते सेवाभावी स्त्रीचे आत्मकथन म्हणून. बालविधवेची जिद्द, गुरुशिष्येचे नाते, त्याग एवढी टिपणे काढली की तास संपतो. मुले का येत नाहीत याचा शोध घेत घेत एक बाई शाळेची व्याख्याच मोडत गेली, हा त्यातला विचार टिपणांबाहेर राहतो. बालशिक्षणावरचे लेखन वैचारिक गद्यात धरावे, असे आम्हांला क्वचितच वाटले. बायकांनी लहान मुलांविषयी लिहिलेले म्हणजे अनुभवकथन, हे जणू ठरूनच गेले आहे. करंज्याच्या मुलासाठी जूनमध्ये जाळ्यांशेजारी वर्ग भरवावा, असे आज कोणी सुचवले तर ते स्वप्नाळूपणाचे ठरेल. कोसबाडला गुरांमागे शाळा निघाली, तेव्हाही ते तसेच वाटले असणार.