गडावरचा हॉब्ज

रामटेकच्या गडावर चढताना चष्मा खिशात ठेवायचा असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण त्या रविवारी हातात थॉमस हॉब्जचं 'लेव्हायथन' होतं आणि चष्म्याशिवाय मला मुखपृष्ठही वाचता येत नाही. पायरीवर टेकलो. तेवढ्यात बायकोच्या पिशवीतला नारळ एका माकडानं लांबवला. त्याच्यावर दुसरं धावलं, दुसऱ्यावर तिसरं. राज्यच नसेल तर माणसं कशी वागतील, ते पुस्तकात शोधायची गरजच उरली नाही.

कॉलेजात आम्ही हॉब्ज गाइडमधून केला. 'सामाजिक कराराची वैशिष्ट्ये लिहा', दहा गुण. हा माणूस यादवीच्या भीतीनं पॅरिसला पळाला होता आणि १६५१ साली पुस्तक निघालं तेव्हा इंग्लंडच्या राजाचं शिर उडवून दोनच वर्षं झाली होती, हे गाइडवाल्यानं सांगितलंच नाही. भ्यालेल्या माणसाचं पुस्तक आहे ते. धाकाशिवाय करार पाळला जाईल, यावर त्याचा विश्वासच नाही.

जॉन लॉक जरा सोज्वळ. कुणाचीच नसलेली वस्तू, जो तिच्यात श्रम घालेल त्याची. नारळ दगडावर आपटून फोडण्याचे श्रम माकडाचेच होते, पण तीस रुपये आमचे गेले होते.

परकं पुस्तक घरात आणून वाचावं ते जोतीराव फुल्यांनी. १८४७च्या सुमारास, विशीत, त्यांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. फ्रेंच राज्यक्रांतीवर चिडलेल्या एडमंड बर्कला पेननं दिलेलं ते उत्तर. मेलेल्या पिढ्यांनी जिवंतांना का बांधून ठेवावं, हा त्यातला मुद्दा. पुण्यातल्या जोतीरावांना बर्कच्या भांडणाशी काय देणंघेणं! पण मेलेल्यांनी लिहून ठेवलेले नियम त्यांच्या दारात रोज उभे होते. दहा गुणांचा प्रश्नच नव्हता. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली.

उतरताना फुटाणेवाल्या मावशींनी विचारलं, "काय वाचून राहिले भाऊ?"

"राजा कशाले पाहिजे, ते लिहिलंय."

"मंग माकडायले वाचून दाखवा न," म्हणत त्यांनी टोपलीमागची काठी नुसती वर केली. माझ्या पिशवीकडे सरकणारं एक जण मुकाट मागे फिरलं.